अकरा अंशांचा कल

१

कुमासी शहरात माणूस मेला की आधी डॉक्टर येतो, मग नातेवाईक येतात, आणि मग सगळे मिळून बोत्वेकडे जातात. डॉक्टरने सांगितलं म्हणून मेला असं तिथे कुणी धरत नाही. बोत्वेने छापलं की मेला. चौकातल्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, घराच्या फाटकावर निरोपाचं पोस्टर लागतं: वर मेलेल्याचा कोट घातलेला फोटो, खाली त्याचं नाव, आणि त्याखाली सुतकात असलेल्यांची यादी. मेलेला एक असतो, यादीत जिवंत चाळीस. मेलेला काही तक्रार करत नाही. जिवंतांचं मात्र कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून पुढची दहा वर्षं बोलणं बंद होतं.

बोत्वे म्हणजे आठवा. आईला आठवं पोर झालं तोवर नावं ठेवायचा कंटाळा आला असणार, असं त्याची भाची पोकुआ म्हणायची. ती त्याच्या छापखान्यात संगणकावर बसायची, चौतीस वर्षांची होती आणि मामाचा मान राखून त्याला वोफा म्हणायची. मान तेवढ्यातच संपायचा.

सोमवारी यादी येणार, बुधवारी कच्ची प्रत निघणार, शुक्रवारी पोस्टर भिंतीवर आणि शनिवारी माणूस मातीत. बुधवारी घराण्याचा प्रमुख कच्ची प्रत हातात धरून एकेक नाव मोठ्याने वाचायचा आणि ज्याचं नाव असेल त्याने बाकावरून "आहे" म्हणायचं. शाळेतली हजेरीच. यात कुणी सुटत नाही आणि नंतर भांडायला येत नाही. ही पद्धत बोत्वेचीच, आणि तिचा त्याला भारी अभिमान.

त्या बुधवारी ग्याम्बिबी घराणं आलं होतं. यादीत अठरावं नाव आचियाचं. कापड विकणारी, पन्नाशीची, दोन माणसांची जागा घेऊन बसलेली बाई.

"आहे," आचिया म्हणाली, आणि प्रत ओढून घेऊन बघू लागली. "अगं बाई, माझं नाव बघा की. सगळ्यांपेक्षा ऐटबाज आलंय."

बाकी सगळी नावं काठीसारखी सरळ उभी होती. तिचं तेवढं उजवीकडे कललेलं.

"कलतं तर मेलेल्याचं असतं ना," प्रमुख म्हणाला. "हिचं का?"

"आचिया दुकानात आली की आम्ही सगळेच तिच्याकडे कलतो," बोत्वे म्हणाला. "मशीनने काय घोडं मारलंय?"

सगळी हसली. पोकुआने पडद्यावर बघितलं, तिथे नाव सरळ होतं. पुन्हा छापलं, पुन्हा कलतं आलं. आचिया म्हणाली, "राहू दे गं, मला आवडलंय." मग राहू दिलं.

तेविसाव्या दिवशी ग्याम्बिबी घराणं पुन्हा त्याच बाकावर येऊन बसलं. या वेळी त्यांच्या हातात आचियाचा फोटो होता.

२

आता हे कलतं-सरळ प्रकरण काय, ते सांगायला हवं, कारण त्यात बोत्वेची फुशारकी आहे आणि ती वगळली तर तो रागवेल.

बोत्वे मुळात पाट्या रंगवणारा. ट्रकच्या मागे, न्हाव्याच्या दुकानावर, चर्चच्या भिंतीवर त्याचं अक्षर. टोकांना नखं फुटलेली अक्षरं त्याला आवडत नसत. "अक्षराला पायात बूट कशाला हवेत?" असं म्हणून तो साधी, सरळ दांड्यांची, बिननखी अक्षरं काढायचा. पुढे संगणक आला तेव्हा त्याने तीच अक्षरं मोठ्या कागदावर काढून आत घातली आणि त्याची लिपी सगळ्या छापखान्यांत पसरली.

मग ट्रकवाले म्हणाले, गाडी पळते तर अक्षरंही पळू दे. संगणकात एक बटण दाबलं की अक्षर आडवं ढकललं जातं, पण ते करणारे बोत्वेच्या मते चोर. नुसतं ढकललं की रोमन लिपीतल्या गोल ओच्या एका खांद्याला सूज येते, गालगुंड झाल्यासारखी. बोत्वेने प्रत्येक अक्षर हाताने नव्याने काढलं, कुठे पोट आत घेतलं, कुठे दांडी बारीक केली. कल अकरा अंशांचा, शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून. दहा अंशांत अक्षर विचार करतंय असं वाटतं, बारामध्ये पडतंय असं. अकरामध्ये ते चालू लागतं. या कलत्या अक्षरांना त्याने नाव दिलं "नान्ते यिये". नीट चालत जा. निघालेल्या माणसाला म्हणतात तसं.

ती अक्षरं ट्रकवर गेली, सोड्याच्या बाटल्यांवर गेली, तळलेल्या केळ्यांच्या गाड्यांवर गेली. पोस्टरवर गेली ती चुकून. एकदा मेलेल्याचं नाव कलतं छापलं गेलं आणि मुलगा भांडायला आला, "माझा बाप असा का कललाय?" बोत्वे शांतपणे म्हणाला, "तो निघालाय बाबा. तुम्ही उभं राहून बघताय, म्हणून तुमची नावं सरळ." मुलगा तिथेच रडायला लागला. महिन्याभरात अख्खं कुमासी तसंच मागू लागलं.

थाप मारली होती त्याने. पण थाप इतकी चांगली बसली की आता तो नियम झाला होता.

३

आचियानंतर पाळी एका म्हाताऱ्याची. त्याचं नाव यादीत कललं आणि तो महिन्याच्या आत गेला.

"एक्क्याण्णव वर्षांचा होता," बोत्वे म्हणाला. "त्याचं नाव सरळ असतं तरी तो कललेलाच होता."

मग पाळी एका शाळामास्तराची. अडतीस वर्षांचा, दम न खाता फुटबॉल खेळणारा.

यावर बोत्वेकडेही विनोद नव्हता, पण कारणं पुष्कळ होती. वीज येते-जाते, मशीनचं डोकं फिरतं. वाऱ्याबरोबर वाळवंटाची धूळ येते, ती रुळांवर बसते, कागद सरकतो. आणि शहर एवढं मोठं, यादीत चाळीस नावं, त्यातलं कुणी ना कुणी जाणारच.

"कागद सरकला तर अख्खी ओळ कलेल, वोफा," पोकुआ म्हणाली. "एकच नाव कसं?"

बोत्वेने भिंग घेतलं, कोनमापक घेतला आणि मास्तरच्या नावावर वाकला. अकरा अंश. त्याहून वाईट म्हणजे नावातल्या ओच्या खांद्याला सूज नव्हती. मशीनने ढकललं असतं तर सूज आली असती. हे ढकललेलं अक्षर नव्हतं, निवडून घेतलेलं होतं. त्याने स्वतः काढलेलं, पोट आत घेतलेलं, चालायला लागलेलं.

"कलती लिपी संगणकातून काढून टाक," तो म्हणाला.

पोकुआने काढली. पुढच्या बुधवारी मेलेल्याचं नाव सरळ छापायचं ठरलं, तशी दोघं मशीनवर वाकून प्रत बाहेर येताना बघू लागली. मेलेल्याचं नाव कलतंच आलं. संगणकात ती अक्षरं नव्हती, आणि कागदावर होती.

"वाऱ्याची धूळ," बोत्वे म्हणाला.

"हो, धूळच," पोकुआ म्हणाली. "शिकलेली दिसतेय."

४

मग पोकुआचा बाप गेला. ओबिरी नाव, बोत्वेचा मेहुणा. शेवटची सहा वर्षं डोळ्यांनी अधू होऊन घरातच होता. दुःख झालं, पण धक्का बसला नाही.

धक्का बसला तो बुधवारी सकाळी, घराणं यायच्या आधी. पोकुआने प्रत काढली, बघितली आणि मामाच्या टेबलावर ठेवली.

वर ओबिरीचं नाव कलतं, ते ठीकच. खाली यादीत पहिलीच ओळ, "पत्नी". तिथे दुफियेचं नाव कलतं होतं.

दुफिये म्हणजे पोकुआची आई आणि बोत्वेची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा बोत्वे चार वर्षांचा होता. दुफियेने त्याला पाठीला बांधून बाजारात टोमॅटो विकले. तो तिला बहीण म्हणून कधी हाक मारत नसे. माआमे म्हणायचा, म्हणजे आईच.

"वोफा," पोकुआ म्हणाली, "तेवीस दिवस."

"गप."

"बापाला पुरायचं आणि मग लगेच—"

"गप म्हटलं ना. अक्षर कुणाचं आहे? माझं. मी काढलंय. ज्याला मी जन्म दिला ते मला शिकवणार?"

त्याने नाव मोठं करून छापलं, बारीक करून छापलं, दुसऱ्या लिपीत छापलं. शेजारच्या छापखान्यात जाऊन छापलं. ब्रश घेऊन पांढऱ्या पुठ्ठ्यावर हाताने सरळ रंगवलं आणि रंग वाळेपर्यंत चहा प्यायला गेला. परत आला तर पुठ्ठ्यावरचं नाव उजवीकडे झुकलं होतं, आणि रंगाला कुठे ओघळही नव्हता.

बोत्वेने पुठ्ठा उचलून कोनमापक लावला. आणि मग, खोटं कशाला सांगू, तो हसला.

"पोकुआ," तो म्हणाला, "कागद आण. मोठे आण."

५

त्याचं डोकं असं चाललं. जो कोणी ढकलतोय, तो अकरा अंश उजवीकडे ढकलतोय. एकही अंश कमी नाही, एकही जास्त नाही. सवयीचा गुलाम आहे. मग आपण नाव सरळ द्यायचंच कशाला? अकरा अंश डावीकडे कललेलं द्यायचं. तो ढकलेल, आणि ते सरळ होईल.

"असं मागे कललेलं अक्षर असतं का कधी?" पोकुआने विचारलं.

"नसतं. म्हणून तर त्याच्याकडे नसणार."

घराण्याला दुपारी यायला सांगितलं आणि बोत्वे कामाला बसला. रोमन लिपीत तिच्या नावाची पाचच अक्षरं. आय तर नुसती काठी, ती एका फटक्यात झाली. ई आणि एफ यांचे हात मागे खेचले की ती वाऱ्याला टेकून उभी राहिलेल्या बाईसारखी दिसतात, ती जमली. यूने घाम काढला. डीचं पोट उजवीकडे आणि पाठ डावीकडे पडणारी, ती सारखी उताणी होऊ लागली. बोत्वेने ती नऊदा काढली. काढताना त्याच्या दंडांना रग लागत होती, जशी जड दोर ओढताना लागते. वय झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दोनच्या सुमाराला पोकुआने ती पाच अक्षरं आत घातली आणि प्रत काढली.

दुफियेचं नाव सरळ होतं. ओळंबा लावून बघावं असं सरळ.

पोकुआने तोंडावर हात धरला. बोत्वेने खुर्ची मागे ढकलली, पाय लांब केले, आणि आता कुणी टाळ्या वाजवल्या तर आपली हरकत नाही अशा चेहऱ्याने बसला.

"वोफा," पोकुआ जरा वेळाने म्हणाली. "वर बघ."

ओबिरीचं नावही सरळ झालं होतं.

"त्याला कलतं कर."

तिने केलं. दुफियेचं नाव त्याच्याबरोबर कललं, मागे खेचलेल्या अक्षरांसकट. ओबिरीला सरळ केलं, दुफिये सरळ. ओबिरीला कलतं केलं, दुफिये कलती. चार वेळा केलं. एका दोरीची दोन टोकं जशी.

बाहेर घराण्याची गाडी थांबली. माणसं उतरू लागली.

बोत्वेने ठरवायला फार वेळ घेतला असं कुणी म्हणू नये.

"दोघं सरळ ठेव," तो म्हणाला. "सहा वर्षं बसूनच होता. आता जरा उभा राहिला तर काय बिघडलं?"

६

बाक भरले. काळे-तांबडे कपडे, घामाचा आणि कापराचा वास. दुफिये पहिल्या बाकावर, हातात पाण्याचा पेला.

"काय रे आठव्या," ती म्हणाली. बोत्वेला ती तशीच हाक मारायची. "रडलास का? डोळे लाल दिसतायत."

"भिंग लावून काम केलं, माआमे. तुझ्या नवऱ्यासाठी कोण रडतो?"

"मी पण नाही रडले फार," ती म्हणाली. "थकले होते रे."

घराण्याचा प्रमुख, ओबिरीचा थोरला भाऊ, चष्मा पुसून उठला. इतकी वर्षं तो बोत्वेच्या प्रती वाचत आला होता आणि त्याच्या डोळ्याला एकच वळण पडलं होतं. कलतं सोडायचं, सरळ ते वाचायचं. त्याने वरपासून सुरुवात केली.

"ओबिरी," त्याने वाचलं.

"आहे," कुणीतरी म्हणालं.

आवाज घोगरा होता, पुष्कळ दिवस न वापरलेला. मग मागच्या बाकावरचा एक पुतण्या खुसखुसला, प्रमुखाने त्याला झापलं, "काकाच्या पोस्टरवर थट्टा करतोस?" पुतण्या शपथा घेऊ लागला की मी नाही, आणि अर्थात कुणी विश्वास ठेवला नाही. अशा पुतण्यावर कोण ठेवतो?

बोत्वे बहिणीकडे बघत होता. आवाज पहिल्या बाकावरून आला होता. पण त्या वेळी दुफियेच्या तोंडाला पेला लागलेला होता आणि ती पाणी गिळत होती. गळ्याची हालचाल त्याने स्वतः बघितली होती.

"पुढे वाचा," तो म्हणाला.

"दुफिये."

"आहे," दुफिये म्हणाली.

७

शनिवारी ओबिरीला पुरलं. ढोल वाजले, सगळ्यांनी खड्ड्याच्या कडेला उभं राहून "नान्ते यिये" म्हटलं. बोत्वेनेही तोंड हलवलं. पोस्टर सगळ्यांना आवडलं. एवढी नावं, आणि सगळी कशी ताठ, असं दोन-तीन जण मुद्दाम येऊन बोलून गेले.

प्रत निघाल्यापासून तेविसावा दिवस आला. पोकुआ सकाळी सातपासून आईजवळ जाऊन बसली. दुफियेने भरपूर फुफू खाल्ला, शेजारणीशी भांडली आणि झोपली. चोविसाव्या दिवशी पोकुआ छापखान्यात येऊन मामाच्या गळ्यात पडली. पुढे कुणाचंही नाव कललं नाही. मेलेल्यांचीही नाहीत. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर बोत्वेने त्यांना सांगितलं की आता नवी पद्धत अशीच आहे, राजधानीत सगळीकडे हेच चालतं. त्यांना पटलं.

चाळिसाव्या दिवशी दुपारी तो बहिणीला भेटायला निघाला. हातात तळलेला मासा आणि तिच्या आवडीचं मक्याचं आंबट केंके. वाटेत चौघांनी विचारलं, चौघांना त्याने सांगितलं की बहीण ठणठणीत आहे, माझ्यामुळे. कसं ते सांगितलं नाही, पण तेवढं सांगितलं.

दुफिये ओसरीत नव्हती. आतल्या खोलीच्या दाराला निळा पडदा होता, आणि दाराच्या चौकटीला लागून तिची खुर्ची. ती तिथे बसली होती.

"ये आठव्या. बस."

ती बारीक झाली होती, पण चेहरा चांगला होता. बोलली, हसली, पोकुआच्या लग्नाचं काय असं विचारलं. मग म्हणाली, "पाणी घे," आणि शेजारच्या तिवईवरचा पेला उचलून त्याच्यापुढे केला.

डाव्या हाताने.

बोत्वेचा हात अर्ध्या वाटेत थांबला. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं, बोटांवर चमचा मारून. एकदा राजवाड्यातल्या माणसालाही तिने त्यावरून सुनावलं होतं.

"डाव्या हाताची माफी," ती हळूच म्हणाली. "दुसरा मोकळा नाही रे."

तेव्हा त्याने बघितलं. तिचा उजवा हात खुर्चीच्या मागून कोपरापर्यंत पडद्याच्या आत गेला होता.

"त्याला दिसत नव्हतं ना शेवटी," दुफिये सांगू लागली, एखाद्या आजारी पोराबद्दल सांगावं तशी. "हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. न्हाणीपर्यंतसुद्धा नाही. मला वाटलं, आता तरी. पण नाही. बस म्हटलं तर बसत नाही. झोप म्हटलं तर झोपत नाही. नुसता उभा."

पडदा वाऱ्याने हलला असेल. दुपारी त्या घरात वारा येतो, हे बोत्वेला माहीत होतं. खाली, पडद्याच्या काठाशी, त्याला पायांची बोटं दिसली. दहाही नखांत लाल माती होती.

बोत्वेने पेला घेतला. उजव्या हाताने, रीतसर. त्याला ठाऊक होतं की छापखान्यात जाऊन एक नाव अकरा अंश कलतं केलं तर हा माणूस निघून जाईल. आणि नीट चालत जाईल. एकटा मात्र जाणार नाही. पेला रिकामा होईपर्यंत तो पाणी प्यायला.

"माआमे," तो शेवटी म्हणाला, "हात दुखत नाही?"

"दुखतो ना," दुफिये म्हणाली. "सारखा दुखतो. पण जिवंत हात आहे बाबा, दुखणारच."